‘मेड इन इटली’ रीळ नेमकं कुणाचं? नाव, छाप आणि आतली चाकं: भरवसा कशावर ठेवावा

मासे गरवायचं जुनं इटालियन स्पिनिंग रीळ (गळाची दोरी गुंडाळणारं यंत्र) हाती आलं की सगळे आधी नाव वाचतात. नाव दिसलं की शोध संपला असं वाटतं, आणि किंमत ठरवताना गडबड इथेच होते. रीळ कुणी बनवलं हे तीन गोष्टी सांगतात: अंगावरचं नाव, ठोकलेली किंवा ओतीव अक्षरं, आणि झाकणाआडचं यंत्र. तिघांत मतभेद झाला तर यंत्राचं ऐकावं.

अंगावरचं नाव

हा सर्वांत सोपा पण सर्वांत कच्चा पुरावा. १९५०-६०च्या सुमारास युरोपातली बरीच रिळं अमेरिकेत विकणाऱ्याच्या नावाने जात. ‘गार्सिया मिचेल’चंच बघा. गार्सिया हे अमेरिकेतले वितरक. रीळ बनवणारे फ्रान्समधल्या क्लूझ गावचे कार्पानो आणि पाँस. इटलीच्या मालाचंही तसंच. ‘ऑर्व्हिस’ नावाच्या जुन्या रिळांवर ‘मेड इन इटली’ सापडतं, पण ऑर्व्हिस ही अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यातली पेढी. तिथे नावावरून फक्त विकणारा कळतो.

अल्सेडो, झांगी, कार्जेम ही मात्र इटलीतलीच नावं. अल्सेडो तोरीनो (ट्यूरिन) शहरातलं, आणि त्याचं ‘मायक्रॉन’ हे छोटं, हलकं रीळ संग्राहकांत फार मागणीचं. कार्जेमचं ‘मिन्यॉन ३३’ त्याच वजनगटातलं, त्यामुळे फोटोवरून ही दोन्ही एकमेकांच्या नावावर खपतात. (‘अल्सेडो’ म्हणजे आपला खंड्या; त्याच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द हाच. गरवणाऱ्यांच्या रिळाला याहून चांगलं नाव शोधून सापडणार नाही.)

नाव स्पूलवर (दोरी गुंडाळली जाते त्या फिरकीवर) असेल तर त्या पुराव्याला आणखी कमी वजन द्या. स्पूल, हँडल आणि ड्रॅगची (दोरीवरचा ताण ठरवणाऱ्या ब्रेकची) मूठ हे भाग सहज बदलले जातात. रंगही पुन्हा मारलेला असू शकतो.

ठोकलेली अक्षरं

ती रिळाच्या पायाखाली (काठीला जोडायच्या भागाखाली), पाय आणि रीळ जोडणाऱ्या दांड्याच्या बाजूला आणि झाकणाच्या कडेला शोधा. पुसट असतील तर टॉर्च जवळजवळ आडवा धरून उजेड पाडा, किंवा पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल घासा. पॉलिश पेपर लावू नका. उथळ छाप कायमचा जातो.

पेटंटचे शब्द कोणत्या देशाचे, हे इथे सर्वांत उपयोगी:

| देश | काय लिहिलेलं असतं |
|---|---|
| इटली | ‘ब्रेवेत्तातो’ (पेटंट घेतलेलं) किंवा आखूड ‘ब्रेव्ह’. ‘मार्कियो देपोझितातो’ म्हणजे नोंदणीकृत चिन्ह |
| फ्रान्स | ‘ब्रव्हते’, शेवटच्या ‘ई’वर तिरकी रेघ; पुढे बहुधा ‘एस. जी. डी. जी.’ (सरकारची हमी नाही) |
| जर्मनी | जुन्या मालावर ‘डी. आर. पी.’, दुसऱ्या महायुद्धानंतर ‘डी. बी. पी.’ (दोन्ही जर्मन पेटंटची आखूड रूपं) |

फ्रेंचांची एस. जी. डी. जी. ही चार अक्षरं १९६८ मध्ये कायद्याने गेली, म्हणजे ती दिसली तर रचना साधारण त्याआधीची. ‘मेड इन इटली’ इंग्रजीत असेल तर रीळ निर्यातीसाठी होतं, एवढंच ठरतं. इटलीतल्याच बाजारासाठी बनलेल्या रिळावर ते नसूही शकतं. नुसतं ‘तोरीनो’ आणि ‘ब्रेव्ह’ असेल म्हणून रीळ संशयास्पद मानू नये.

अमेरिकन पेटंटचा क्रमांक मिळाला तर सोनं समजा. १९५० साल सुमारे २४ लाख ९३ हजारांपासून सुरू होतं, १९६० साल सुमारे २९ लाख १९ हजारांपासून. मूळ कागदात संशोधकाचं आणि बहुतेकदा हक्क घेणाऱ्या कंपनीचंही नाव असतं, आकृतीसकट. फक्त लक्षात ठेवा, क्रमांक पेटंटचं वर्ष सांगतो, रिळाचं नाही. तोच छाप पुढे कित्येक वर्षं चालू राहतो.

झाकणाआडचं यंत्र

इथे वेळ लागतो, पण खोटं बोलणं सर्वांत अवघड इथेच. मूठ बदलता येते, ओतीव सांगाड्यातल्या स्क्रूच्या जागा बदलता येत नाहीत. ओळख पटलेल्या मॉडेलच्या भागांच्या आकृतीशी या गोष्टी ताडून पाहा: झाकणाचे स्क्रू किती आणि कुठे, मोठ्या चाकाचे दात किती, पिनिअनशी (छोट्या दातेरी चाकाशी) ते तिरप्या दातांनी भिडतं की स्क्रूसारख्या वर्मने, स्पूल पुढेमागे सरकवणारी खुंटी मोठ्या चाकावरच आहे की वेगळ्या चाकावर, उलटं फिरणं अडवणारा खटका कुठे, बेलची (दोरी स्पूलवर वळवणाऱ्या तारेच्या कमानीची) स्प्रिंग गुंडाळीची की केसपिनेसारखी.

गिअरचं प्रमाण रीळ न उघडताही मिळतं. रोटरला (स्पूलभोवती फिरणाऱ्या भागाला) कागदी टेपचा तुकडा लावा, हँडल बरोबर १० वेळा फिरवा आणि रोटरचे फेरे मोजा. ३७ भरले तर प्रमाण ३.७. एकाच फेऱ्यावरून काढलेला आकडा हमखास चुकतो.

उघडताना घाई नको. खाचेत घट्ट बसेल असाच पेचकस घ्या. सैल पात्याने खाच तुटते आणि किंमत उतरते. स्क्रू हलत नसेल तर भेदक तेलाचा थेंब सोडून एक दिवस थांबा. हँडल आट्यांनी बसवलेलं असेल तर डाव्या बाजूच्या हँडलचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावलात तर ते आणखी आवळतं. ग्रीस लाखेसारखं घट्ट झालं असेल तर रॉकेल आणि जुना टूथब्रश पुरतो. थिनर रंग खातो.

स्क्रूंचे आटेही थोडं सांगतात. व्हर्निअर कॅलिपरने १० आट्यांची लांबी मोजा: ४ मिलिमीटरच्या मेट्रिक स्क्रूला ती ७ मिमी भरते, अमेरिकन ८-३२ स्क्रूला (एका इंचात ३२ आटे) ७.९. मेट्रिक निघालं तर माल अमेरिकेत बनलेला नसण्याची शक्यता दाट. पण फ्रान्स, जर्मनी, इटली तिन्ही मेट्रिकच, त्यामुळे आट्यांवरून इटली सिद्ध होत नाही.

घ्यायचं असेल तर

विकणारा रीळ उघडू देत नसेल तर सहा फोटो मागा: दोन्ही बाजू, पायाचा तळ, स्पूल काढून दिसणारा रोटर, हँडलचं मूळ, झाकणाचे स्क्रू. फक्त नावावर विसंबायचं असेल तर साध्या वापरल्या रिळाचा भाव द्यावा. नाव आणि ठोकलेली अक्षरं एकाच देशाची असतील तर थोडं वर जायला हरकत नाही. ‘मायक्रॉन’ म्हणून संग्राहकाचा भाव मागितला जात असेल, तर झाकणाच्या आतला फोटो आल्याशिवाय पैसे पाठवू नका. आणि फोटोत स्क्रूच्या खाचा चमकत असतील, तर झाकण अलीकडे कुणी आणि का उघडलं होतं तेही विचारा.