स्टार ट्रॅकरचे आठ महिने: पेंच ते खुरीची वाळू

तीन किलो भार पेलणारा छोटा स्टार ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांच्या चालीने कॅमेरा फिरवणारं मोटरवालं यंत्र, ऑक्टोबर ते मे वापरला. बहुतेक अमावास्यांना पेंचमधल्या सिल्लारीच्या बाजूला आणि दोनदा जैसलमेरपलीकडे, खुरीच्या टेकड्यांवर. निकाल आधीच सांगून टाकतो: मोटर चोख आहे. सोबत आलेली बैठक, म्हणजे ट्रॅकरला अक्षांशाइतका कलवणारं वेज, मात्र कच्ची आहे. आणि वाळूत सगळा खेळ या बैठकीचा नि तिच्याखालच्या तीन पायांचाच.

ट्रॅकरविना २० मिमी लेन्सवर ५००चा नियम लावला (५०० भागिले लेन्सचे मिमी, म्हणजे तारे रेषा न होता मिळणारे सेकंद) तर २५ सेकंद मिळतात. आताच्या दाट पिक्सेलच्या सेन्सरवर खरे १२ ते १५च धरा. ट्रॅकरवर त्याच लेन्सने तीन मिनिटं आरामात निघतात. मग एफ/१.८ वर धावायची गरज उरत नाही. एफ/२.८ ला कोपऱ्यातल्या ताऱ्यांचे पंख मिटतात आणि आयएसओ ८०० पुरतो. जमीन अर्थातच पुसट येते. तिच्यासाठी ट्रॅकर बंद करून एक वेगळी फ्रेम घ्यावीच लागते. अर्ध्या वेगाचा मोड दिलाय, पण त्यात ना तारे धड, ना टेकडी धड.

ध्रुवताऱ्याची जुळणी हा सगळ्यात जास्त बाऊ केला जाणारा भाग. ध्रुवतारा खऱ्या खगोलीय ध्रुवापासून, म्हणजे आकाश ज्या बिंदूभोवती फिरताना दिसतं त्यापासून, सध्या साधारण ३८ कला दूर आहे (६० कला म्हणजे एक अंश, ६० विकला म्हणजे एक कला). सरळ ध्रुवताऱ्यावरच नेम धरला, तर तारे मिनिटाला जास्तीत जास्त १० विकला सरकतात. सहा मायक्रॉन पिक्सेलच्या कॅमेऱ्यावर २० मिमीचा एक पिक्सेल म्हणजे ६२ विकला. तेव्हा चार मिनिटांपर्यंत काहीच बिघडत नाही. त्याच कॅमेऱ्यावर १३५ मिमीला पिक्सेल ९ विकलांचा होतो आणि दोन मिनिटांत तारा दोन पिक्सेल घसरतो. तिथे मात्र ध्रुवदर्शकातल्या (ट्रॅकरवरच्या छोट्या नेम धरायच्या दुर्बिणीतल्या) वर्तुळावर ध्रुवतारा नेमक्या जागी बसवायलाच हवा.

आपल्याकडे अडचण वेगळीच. नागपूरचा अक्षांश २१, म्हणजे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम २१ अंश वर. धुरकटात नाहीतर झाडांच्या शेंड्यांत हरवलेला. ऑक्टोबरच्या संध्याकाळी सप्तर्षी सापडत नाहीत, तेव्हा शर्मिष्ठेवरून शोधा. फोनचं होकायंत्र चालेल, फक्त चुंबकवालं कव्हर काढा आणि फोन ट्रायपॉडच्या लोखंडापासून लांब धरा. खुरीला अक्षांश २७च्या जवळ. म्हणजे तिथे पोचल्यावर बैठक सहा अंश वर घ्यायची आणि इथेच तिचा कच्चेपणा उघडा पडतो. उंचीचा स्क्रू घट्ट करताना ध्रुव वर्तुळातून निसटतो. उपाय इतकाच की आधी स्क्रू अर्धा आवळायचा, मग नेम धरायचा, शेवटी चिमूटभर आवळून पुन्हा बघायचं. कॅमेरा लावल्यावर तर परत बघायचंच, कारण वजनाने बैठक वाकते. वेगळी विकत घेतलेली जाड ॲल्युमिनियमची बैठक लावल्यापासून हा त्रास जवळपास संपला.

वाळू पायाखालून हळूहळू खचते. अर्ध्या तासात ध्रुव हललेला दिसला तर मोटरला दोष देऊ नका. घरातल्या स्टीलच्या तीन ताटल्या पायांखाली पालथ्या घाला आणि उभारल्यावर ट्रायपॉड जोरात दाबून बसवा. एक पाय उत्तरेकडे ठेवा, भार तिकडेच झुकतो. मात्र कॅमेऱ्याचा तोल साधणाऱ्या वजनाचा दांडा त्या पायावर आपटत नाही ना, ते फिरवून बघा. वाळू भरलेली पिशवी मधल्या हुकाला लटकवायची तर तिचा तळ जमिनीला टेकलेला हवा, नाहीतर वाऱ्यात ती लंबक होते. पाय लांबवताना पेचाचे सांधे वाळूवर टेकवू नका. कण आत गेले की फिरवताना कर्रकर्र वाजतात.

फोटो पूर्ण मोठा करून बघितला की चूक कुठली ते ताराच सांगतो. ठिपक्याऐवजी जिऱ्यासारखा लांबट असेल तर जिरं कोणत्या दिशेला लांबलंय ते पाहायचं. उत्तर-दक्षिण असेल तर ध्रुवाची जुळणी चुकली. पूर्व-पश्चिम असेल तर ट्रॅकरच्या चाकाच्या दात्यांची चूक किंवा तोल. पूर्वेची बाजू किंचित जड ठेवली की दाते एकाच अंगाने टेकून राहतात. फक्त कोपऱ्यांत असेल तर ती लेन्सची चूक, ट्रॅकर निर्दोष. या यंत्रात १४४ दात्यांचं चाक आहे, त्यामुळे चूक साधारण दहा मिनिटांच्या फेऱ्यात परत परत येते. १३५ मिमीला दोन मिनिटांच्या चार-पाच फ्रेममागे एक टाकावी लागते. २०० मिमीचा हट्ट धरू नये, कागदावर तीन किलो लिहिलेलं असलं तरी.

वीज हा दुसरा फसवा भाग. ट्रॅकर इतका कमी करंट घेतो की पॉवर बँकेला वाटतं काहीच जोडलेलं नाही आणि ती थोड्या वेळाने आपोआप बंद पडते. लेन्सभोवतीचा पाच वॅटचा गरम पट्टा त्याच बँकेला जोडला की दोन्ही कामं होतात. हिवाळ्यात पेंचला पहाटेआधीच लेन्स दवाने ओली होते, वाळवंटातही पहाटे तेच. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-तास, पट्ट्यासकट एक रात्र निघते. ही बँक विमानात हातातल्या सामानातच न्यावी लागते. रात्र थंडावत जाते तसा फोकसही सरकतो, दर तासाला व्याध किंवा अभिजितवर दहापट मोठं करून तपासा.

मग इतक्या लांब जायचंच कशाला? पेंचला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (कृत्रिम उजेडापासून आकाश जपलेली जागा) म्हणून मान्यता मिळाली, आकाश खरंच काळं आहे. पण पेंच नागपूरच्या उत्तरेला, म्हणजे शहराचा उजेड नेमका दक्षिणेला, जिथे आकाशगंगेचा गाभा असतो. गाभा इथे ४० अंश वर येतो, खुरीला ३४च, तरी तिथला खालचा पट्टा स्वच्छ मिळतो, कारण जैसलमेरचा उजेड ईशान्येला, पाठीमागे राहतो. पवनचक्क्यांचे लाल दिवे तेवढे चौकटीबाहेर ठेवा. सीमा जवळ आहे, तारे दाखवायचा हिरवा लेझर घरीच राहू द्या. मे महिन्यात धुळीने क्षितिजावरचे १०-१५ अंश पिवळट होतात. फेब्रुवारी-मार्चची पहाट सगळ्यात चांगली.

महिन्यातून एकदा तरी गाडी काढून पेंच गाठणाऱ्याने ट्रॅकर घ्यावा, चांगल्या बैठकीचे पैसे धरूनच. वर्षातून एकदा राजस्थानला जाणाऱ्याने त्याच पैशात एफ/१.८ची लेन्स घ्यावी आणि १५ सेकंदांच्या वीस फ्रेम एकावर एक रचाव्यात.