डब्लिनला गेलात तर हे घर बघाच: 14, हेन्रिएटा स्ट्रीट

पणजीत जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं घेतो, त्यामुळे म्युझियममध्येही माझी नजर आधी गिलाव्यावर जाते, पाटी मग वाचतो. मुलगा डब्लिनला असतो, त्याच्याकडे गेलो तेव्हा हे म्युझियम केलेलं घर बघितलं. पैसे वसूल.

बाहेरून भपका नाही. भिंतीला भिंत लागलेल्या रांगेतलं विटांचं उंच घर. रांग आपल्या पणजीतल्या फोंताइन्हास या जुन्या वस्तीसारखीच, पण ना बाल्कांव (दारापुढची बसायची ओसरी), ना कौलं. 1740च्या दशकाच्या शेवटी ल्यूक गार्डिनरनं बांधलं, पहिले राहिले लॉर्ड मोल्सवर्थ. पुढे 1801पासून आयर्लंडची संसदच लंडनच्या संसदेत विलीन झाली आणि बडी मंडळी हळूहळू निघून गेली. 1877मध्ये थॉमस व्हान्स नावाच्या माणसानं घर घेतलं, मुख्य भव्य जिना काढून टाकला, त्या जागेतही खोल्या पाडल्या आणि 19 बिऱ्हाडांची चाळच केली. 1911च्या जनगणनेत या एका घरात 100 माणसं नोंदली आहेत!

मला खरं आवडलं ते चाळीच्या काळातलं, उरलेल्या दुसऱ्या जिन्याकडचं काम. भिंती खाली गेरूसारख्या तांबड्या, वर निळ्या. पोपडे सुटलेत, कोपरे माणसांच्या जाण्यायेण्यानं झिजलेत, आणि ते तसेच ठेवलेत. निळ्याला तिथे ‘रेकिट्स ब्लू’ म्हणतात. म्हणजे कपड्यांची नीळ हो! आपली रॉबिन ब्लू त्याच रेकिटची. आमच्याकडेही चुन्यात चिमूटभर नीळ टाकल्याशिवाय सफेदी होत नसे.

इकडे एका ‘हेरिटेज’ हॉटेलच्या मालकानं मला सांगितलं होतं, "सगळं खरवडून टाका, पोर्तुगीज दिसलं पाहिजे." मी काम सोडलं, दुसऱ्यानं केलं. चिऱ्याच्या भिंतीवर प्लास्टिक पेंट मारला, आता आतली ओल बाहेर पडायला वाट नाही. दर पावसाळ्यात रंग फुगतो. डब्लिनवाल्यांनाही सगळं लॉर्डसाहेबांच्या वेळचं चकचकीत करता आलं असतं. त्यांनी उमरावाचं छत राखलं आणि भाडेकरूंचं जमिनीवरचं लिनोलियमही राखलं. शेवटची बिऱ्हाडं 1970च्या दशकाच्या अखेरीस गेली, म्युझियम 2018मध्ये उघडलं. मधल्या पडझडीनंतर एवढं हाती लागणं सोपं नव्हे.

गाईडबरोबरच फिरावं लागतं, म्हणून तिकीट आधी काढा. गाईड बोलका असतो, गवंडीकामाचंही विचारा. दिवाणखान्यात फोटो काढत बसू नका, वेळ खाली तळघरातल्या बिऱ्हाडासाठी ठेवा.