६५ इंची टच पॅनल पहिली ते चौथीच्या वर्गात: वर्षभराच्या वापरानंतर

कर्नाटकातल्या खानापूर भागातल्या मराठी शाळेत हा इन्फ्रारेड पॅनल जूनपासून रोज चालतोय. घड्याळ, नाणी-नोटा, अपूर्णांक आणि कन्नडच्या तासाला उच्चार ऐकवणं, या कामांत त्याला तोड नाही. रोजच्या लेखनाला मात्र फळाच बरा.

बसवणारा माणूस मोठ्यांच्या नजरेच्या उंचीला लावून जातो, तिथेच घोळ होतो. खालची कड जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर हवी. पडदा साधारण ८० सेंटिमीटर उंच असतो, त्यामुळे पहिलीच्या पोराचा हात बहुतेक भागाला पुरतो. वजन चाळीसेक किलो. जुन्या मातीच्या भिंतीला लाकडी गुट्टी ठोकू नका. आरपार बोल्ट मारा, नाहीतर चाकांचा स्टँड घ्या.

खरा शत्रू खडू. काचेभोवतीच्या चौकटीतून अदृश्य किरण आडवे-उभे जातात, बोट मध्ये आलं की जागा कळते. खोबणीत खडूची धूळ साचली की आपोआप रेघा उमटतात किंवा एखादा पट्टा मेल्यासारखा होतो. तंत्रज्ञाला फोन करण्याआधी पॅनल बंद करून खोबण कोरड्या मऊ ब्रशने झाडा आणि पडद्याला हात न लावता चालू करा. दहातल्या आठ तक्रारी इथेच मिटतात. फळा समोरच्या भिंतीवर नेला तर आणखी बरं. बाही, बांगडी, टेकलेलं मनगट, खिडकीतून येणारी उन्हाची तिरीप, यांनीही असाच गोंधळ होतो.

गिरवायला तयार फॉन्ट वापरताना ल आणि श बघून घ्या. बऱ्याचदा ते हिंदी वळणाचे येतात आणि पोरं पुस्तकाशी ताडून बुचकळ्यात पडतात. बाईंनी स्वतः लिहिलेल्या अक्षराचा फोटो मागे ठेवून त्यावर गिरवणं सोपं.

यूट्यूबवरचे मराठी धडे बहुतेक बालभारतीचे, आपली पुस्तकं कर्नाटकची. गणिताचं निभतं, भाषेचं जुळत नाही. पुस्तकाची पीडीएफ पेनड्राइव्हवर घ्या आणि एकावेळी अर्धंच पान मोठं करून दाखवा, नाहीतर मागच्या रांगेला अक्षर दिसत नाही. फॅट३२ (फाइली साठवायची एक जुनी पद्धत) असलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, हेही ध्यानात असू द्या.

पावसाळ्यात वीज दिवसातून कितीदा जाईल सांगता येत नाही, आणि सेव्ह न केलेलं लेखन तिच्याबरोबर जातं. पॅनल १५० वॉटच्या आसपास खातो. १५० एएचच्या चांगल्या बॅटरीवर पंख्यासकट तीनेक तास निघतात.

खरेदीच्या वेळी टच फ्रेम (किरणांची ती चौकट) वॉरंटीत आहे का, ते बिलावर लिहून घ्या. पेन हरवला तर घाबरू नका, बोटानेही तेवढंच चालतं.