मॉडरेटरच्या नावाने येणारा पहिला मेसेज

क्रिप्टोवर चर्चा करणारा एक ऑनलाइन गट मी काही मित्रांसोबत चालवतो. मॉडरेटर म्हणून माझं नाव आणि फोटो सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. हेच नाव आणि हाच फोटो लावून कुणीतरी आमच्या एका सदस्याचं वॉलेट (क्रिप्टो सांभाळणारं ॲप) रिकामं केलं. त्या गृहस्थांच्या संमतीने हे लिहितोय. ते नवखे नव्हते, हावरेही नव्हते. दामदुप्पट योजनांवर तुटून पडणारे तर ते मुळीच नव्हेत, उलट अशा योजनांपासून इतरांना सावध करायचे.

त्यांनी गटात एक साधा प्रश्न विचारला होता. इथेरियम ब्लॉकचेनच्या एका लेयर टू नेटवर्कवरून, म्हणजे मुख्य नेटवर्कवर आधारलेल्या जोड नेटवर्कवरून, मुख्य नेटवर्कवर टोकन (क्रिप्टो नाणी) पाठवले, पण ते पोहोचलेच नाहीत, अडकले का? खरं तर काहीच अडकलं नव्हतं. ऑप्टिमिस्टिक रोलअप प्रकारच्या, म्हणजे व्यवहार आधी खरे धरून चालणाऱ्या लेयर टू नेटवर्कवरून अधिकृत ब्रिजने (दोन नेटवर्कमध्ये पैसे नेणाऱ्या सोयीने) पैसे बाहेर काढायचे तर साधारण 7 दिवस थांबावंच लागतं. चुकीच्या व्यवहाराला आव्हान देता यावं म्हणून ही मुदत मुद्दाम ठेवलेली असते. आमच्यातल्या एकाने गटात हे उत्तर लिहिलंही. पण तोवर त्यांना ‘माझा’ खासगी मेसेज जाऊन पोहोचला होता.

हे लोक गटात गुपचूप बसून असतात. कधीच काही लिहीत नाहीत, त्यामुळे कुणाच्या नजरेत येत नाहीत. ‘अडकले’, ‘पेंडिंग’, ‘दिसत नाहीत’ असं कुणी लिहिलं की लगेच त्या माणसाला गाठतात. माझ्या तोतयाने नाव आणि फोटो हुबेहूब उचलले होते. युजरनेममध्ये इंग्रजी लहान एलच्या जागी मोठा आय होता, आणि मोबाइलच्या पडद्यावर तो फरक दिसत नाही. त्याने मला आधीच ब्लॉक करून ठेवलं होतं, म्हणून ते खातं शोधलं तरी मला त्याचा फोटोसुद्धा दिसत नव्हता. हे सगळं ठरवून, तयारीने केलेलं असतं.

बोलणंही किती सभ्य! ‘नमस्कार, तुमचा प्रश्न पाहिला. व्यवहार ब्रिजमध्ये सिंक झालेला नाही. वॉलेट व्हॅलिडेट करून घ्या, मी सोबत आहे.’ मग एक लिंक. त्या पानावर ओळखीच्या वॉलेटांची चिन्हं होती. कुठलंही निवडलं तरी आधी ‘जोडणी अयशस्वी’ असं यायचं आणि मग सीड फ्रेज, म्हणजे वॉलेटचे गुप्त शब्द, टाकायला सांगणारा रकाना उघडायचा. त्यांनी विचारलंसुद्धा, ‘सर, हे सुरक्षित आहे ना?’ उत्तर आलं, ‘हो, फक्त कुणालाही सांगू नका, मलाही नाही. थेट पानावर टाका.’ या एका वाक्यामुळे त्यांचा विश्वास बसला. मला आजही सगळ्यात जास्त संताप याच वाक्याचा येतो. सीड फ्रेज कुणाला सांगू नका, हे आम्हीच गटात सतत लिहीत आलोय आणि त्याने आमचेच शब्द वापरले.

सीड फ्रेज म्हणजे 2048 शब्दांच्या ठरलेल्या यादीतले 12 किंवा 24 शब्द. त्यातून एकच नाही, तर त्या वॉलेटमधल्या सगळ्या खात्यांच्या खासगी चाव्या तयार होतात. त्यामुळे नुसते ते टोकन गेले नाहीत. दुसऱ्या नेटवर्कवरचे पैसे आणि वेगळ्या खात्यात बाजूला ठेवलेली बचतही गेली. ॲपचा पासवर्ड बदलून उपयोग नसतो. साइटना वॉलेटमधून दिलेल्या परवानग्या रद्द करणं म्हणजे रिव्होक करणं हा उपाय खोट्या साइटवर चुकीची सही (वॉलेटमधून दिलेली मंजुरी) झाली असेल तर कामी येतो. सीडच गेली असेल तर नाही. तेव्हा एकच मार्ग उरतो: नव्या सीडचं नवं वॉलेट करून जे उरलंय ते ताबडतोब तिकडे हलवायचं.

ब्रिजमधले टोकन अजून यायचे होते, आणि येणार होते त्याच पत्त्यावर. मुदत संपल्यावर ते क्लेम करण्यासाठी, म्हणजे ताब्यात घेण्यासाठी, त्यांनी गॅसपुरतं (व्यवहाराच्या शुल्कापुरतं) ईथर, म्हणजे इथेरियमचं नाणं, पाठवलं, ते काही क्षणांत नाहीसं झालं. अशा पत्त्यांवर चोरांचे स्वीपर बॉट पाळत ठेवून असतात, आत काही आलं की लगेच बाहेर काढतात. पुढे ते टोकन चोरानेच क्लेम करून नेले.

यानंतर दुसरी टोळी आली. आमच्या सदस्याने गटात आपलं दुःख सांगितलं आणि त्याच दिवशी ‘रिकव्हरी एक्स्पर्ट’ मेसेज करू लागले. एक-दोन अनोळखी खात्यांनी गटातच लिहिलं की अमुक तज्ज्ञाने आमचे पैसे परत मिळवून दिले. ती खातीही त्या टोळीचीच. पक्का झालेला ब्लॉकचेन व्यवहार कुणालाही उलटवता येत नाही. पैसे ओळखपत्र घेणाऱ्या एखाद्या एक्स्चेंजवर पोहोचले तर पोलिसांच्या पत्रावर ते गोठवले जाऊ शकतात, आणि यूएसडीटी, यूएसडीसी यांसारखी डॉलरशी बांधलेली नाणी काढणाऱ्या कंपन्याही एखादा पत्ता गोठवू शकतात. म्हणून ट्रान्झॅक्शन हॅश (व्यवहाराचा ओळख क्रमांक), पत्ते आणि सगळं संभाषण जपून ठेवा आणि सायबर पोलिसांत तक्रार करा. आधी फी मागणारा कुणीही असो, तो चोरच समजा.

अस्सल खात्यावरून आलं म्हणजे खरंच असतं, असंही नाही. जून 2022 मध्ये बोअर्ड एप यॉट क्लब या एनएफटी (डिजिटल चित्रांच्या मालकीची टोकन) संग्रहाच्या डिस्कॉर्ड या चॅट ॲपवरच्या गटात कम्युनिटी मॅनेजरचंच खातं चोरांच्या हाती गेलं, आणि सुमारे 200 ईथरचे एनएफटी गेल्याचं कंपनीने सांगितलं. 9 जानेवारी 2024 ला अमेरिकेच्या एसईसी या शेअर बाजार नियामकाच्या एक्स खात्यावरून बिटकॉइन ईटीएफला (शेअर बाजारात विकत घेता येणाऱ्या बिटकॉइन फंडाला) मंजुरी मिळाल्याची खोटी घोषणा झाली. चोरांनी सिम स्वॅप केलं होतं, म्हणजे खात्याशी जोडलेला फोन नंबर आपल्या सिमवर वळवून घेतला होता, आणि त्या खात्याला टू फॅक्टर (पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी) लावलेलं नव्हतं.

आमच्या गटात आता मदतीच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांसमोरच दिलं जातं. सदस्यांची यादी बाहेरून दिसत नाही. अडचणीचे ठरावीक शब्द कुणी लिहिले की बॉट तिथेच सांगतो: आम्ही स्वतःहून कधीच खासगी मेसेज करत नाही. पिन केलेली सूचना कुणी वाचत नाही, घाबरलेला माणूस तर नाहीच. इशारा त्याच्या प्रश्नाखालीच दिसला पाहिजे.

तुमच्याही गटात कुणी तोतयाची तक्रार केली तर नुसत्या युजरनेमवर थांबू नका. त्या सदस्याकडून त्या खात्याचा अंकी आयडी (खात्याला ॲपने दिलेला कायमचा क्रमांक) मागून घ्या आणि तोच बॅन करा, पोलिसांनाही तोच द्या. युजरनेम तो मिनिटभरात बदलतो, आयडी त्याला बदलता येत नाही. आणि हे होईपर्यंत त्या सदस्याला ते संभाषण पुसू देऊ नका.