डाळमिलसाठी १० एचपीचा ड्राइव्ह : घ्या, पण चोकसकट

तालुक्याच्या दुकानात मिळणारा हा साधा सहा डायोडचा व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) काम चोख करतो. मोटर झटका न देता उठते, तुरीला आणि हरभऱ्याला रोलचा वेग वेगवेगळा ठेवता येतो. तक्रार आहे ती खोक्यावरच्या ‘पॉवर फॅक्टर ०.९८’ या आकड्याबद्दल. पॉवर फॅक्टर म्हणजे ओढलेल्या करंटचा किती भाग खरंच कामी येतो ते.

आकडा खोटा नाही, अर्धा आहे. तो नुसता कॉस फाय, म्हणजे करंट व्होल्टेजच्या किती मागे-पुढे आहे एवढंच सांगणारा. आतले डीसी कपॅसिटर व्होल्टेजच्या शेंड्यावरच करंट ओढतात, म्हणून त्यात २५० आणि ३५० हर्ट्झचे हार्मोनिक, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतल्या नको असलेल्या लहरी, येतात. चोक (करंटचे शेंडे सपाट करणारी कॉइल) नसताना करंटचा टीएचडी (हार्मोनिकचं एकूण प्रमाण) ८० टक्के धरला, तर ०.९८ ला ०.७८ ने गुणायचं : खरा पॉवर फॅक्टर ०.७६ च्या आसपास. चोकने टीएचडी ४० वर आला की ०.९१. म्हणजे ८ किलोवॅटला ४१५ व्होल्टवर १४.५ अँपिअरऐवजी १२.२. बिल केव्हीएएचवर (नुसत्या युनिटऐवजी व्होल्ट गुणिले अँपिअरच्या हिशेबावर) असेल तर हा फरक खिशातून जातो. मोजायला ट्रू आरएमएस टाँगटेस्टरच (वेड्यावाकड्या आकाराचा करंटही बरोबर मोजणारा क्लॅम्प मीटर) घ्या, स्वस्तातला इथे फसवतो.

डीसी चोकसाठी टर्मिनलवर एक पितळी पट्टी असते. मेन बंद करून दहा मिनिटं थांबा आणि डीसी बस (आतल्या कपॅसिटरवरचं व्होल्टेज) मीटरने तपासा. चालू असताना तिथे साडेपाचशेच्या वर व्होल्ट असतात. पट्टी काढूनच चोक जोडायचा. ती तशीच ठेवली तर करंट पट्टीतूनच जातो, चोक शोभेला! तशी टर्मिनलं नसतील तर इनपुटला ३ टक्क्यांचा एसी चोक. ५ टक्क्यांचा नको, तो व्होल्टेज जास्त पाडतो. लाइनच्या शेवटच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) व्होल्टेज आधीच कमी, ड्राइव्ह अंडरव्होल्टेजवर ट्रिप होतो.

पॉवर फॅक्टर सुधारायला मोटरवर लावलेला जुना कंडेन्सर आधी काढा. ड्राइव्हच्या यू-व्ही-डब्ल्यू (मोटरच्या) बाजूला तो राहिला तर ओव्हरकरंट ट्रिप, नाहीतर आयजीबीटी (ड्राइव्हमधला पॉवर ट्रान्झिस्टर) गेलाच. इनपुटला लावूनही फायदा नाही : कॉस फाय आधीच चांगला, वर हार्मोनिक पिऊन कंडेन्सर तापतो, फुगतो. थेट लाइनवरच्या बाकी मोटरींसाठी हवा असेल तर हार्मोनिक अडवणाऱ्या ७ टक्क्यांच्या डीट्यून्ड रिअ‍ॅक्टरसह लावा.

मॅन्युअलमध्ये यातलं फारसं काही नाही, हा मोठा उणेपणा. दुसरा पंख्याचा : डाळीचा भुसा हीटसिंकमध्ये बसतो, आणि मे महिन्यात ४५ अंशांवर ड्राइव्ह ओव्हरहीट दाखवतो. पॅनल रोलपासून लांब, भिंतीपलीकडे बसवा.