लेआउट इन्स्पेक्टर: हंगामभर वापरल्यानंतरचा अनुभव

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या सौद्यांसाठी अ‍ॅप बनतं. अँड्रॉइड स्टुडिओ या अ‍ॅप बनवायच्या सॉफ्टवेअरमधला लेआउट इन्स्पेक्टर, म्हणजे चालू स्क्रीनचे भाग कसे रचलेत ते उलगडून दाखवणारं टूल, मी गेल्या हंगामापासून त्यावर वापरतोय. सौदे चालू असताना अडत्यांना थांबायला उसंत नसते. स्क्रीन अडली की लगेच फोन येतो.

या टूलची खरी किंमत एका बटणामुळे कळली. ‘सौदा नोंदवा’ व्यवस्थित दिसत होतं, पण कधीकधी कितीही दाबा, ढिम्म. लिसनरमधला, म्हणजे बटण दाबल्यावर चालणाऱ्या कोडमधला, लॉगसुद्धा उमटेना. इन्स्पेक्टर लावून थ्रीडीत स्क्रीन तिरकी फिरवली, तर बटणाच्या पुढ्यात स्क्रीनभर एक रिकामी चौकट! डावीकडच्या ट्रीमध्ये, म्हणजे स्क्रीनवरच्या घटकांच्या उतरंडीत, ती निवडली. उजवीकडे तिच्या गुणधर्मांत (अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये) अल्फा, म्हणजे अपारदर्शकता, 0, व्हिजिबिलिटी मात्र व्हिजिबल. लोडिंगचा पडदा फेड होऊन दिसेनासा झाला होता, पण जागचा हलला नव्हता. अल्फा शून्य असला तरी क्लिकेबल व्ह्यू (दाबता येणारा घटक) टच गिळतोच. अ‍ॅनिमेशन संपताच तो पडदा गॉन केला, म्हणजे मांडणीतूनच काढला, आणि बटण चालू झालं. नुसत्या लॉगवर हे शोधायला दिवस गेला असता.

वयस्कर व्यापारी फॉन्ट मोठा ठेवतात, तेव्हा रफार आणि वेलांट्या वरून कापल्या जायच्या. ओळीची उंची पक्की बांधलेली होती, हे अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये लगेच दिसलं.

कंपोजमध्ये (कोडमधून स्क्रीन बांधायच्या अँड्रॉइडच्या नव्या पद्धतीत) रीकंपोझिशनचे, म्हणजे कुठला भाग किती वेळा पुन्हा बनला याचे, आकडे तर फारच कामाचे. एकाच दुकानाचा दर बदलला तरी यादीतल्या सगळ्या ओळींचे आकडे वाढायचे, कारण प्रत्येक ओळीला अख्खी यादी जात होती. फक्त त्या ओळीचा डेटा द्यायला लागल्यावर बाकीच्या ओळींपुढे स्किप, म्हणजे पुन्हा न बनवता सोडून दिल्याचे आकडे, वाढू लागले.

मर्यादा आहेतच. लाइव्ह अपडेट अँड्रॉइड 10 पासून पुढेच मिळतात, बिल्ड डीबगेबल (तपासणीसाठी खुला) लागतो, आणि वेबव्ह्यूच्या, म्हणजे आत दाखवलेल्या वेबपेजच्या, आतलं काही दिसत नाही. त्यासाठी क्रोम ब्राउझरचं इन्स्पेक्टच उघडावं लागतं. इन्स्पेक्टर जोडलेला असताना अ‍ॅपच्या वेगाबद्दल मत बनवू नका.

नव्याने शिकणाऱ्यांनी स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची स्क्रीनची रचना, फाइल म्हणून एक्सपोर्ट करायची सवय लावून घ्यावी. आमच्याकडे टेस्टिंग करणारे आता बगसोबत ती फाइल जोडतात, त्यामुळे तो फोन हाताशी नसला तरी मला अख्खी ट्री माझ्या मशीनवर उघडता येते.