तारांजवळच्या झाडांसाठी फायबर दांड्याची करवत: उन्हाळाभर वापरल्यावर

शिवाजी पेठेतल्या आमच्या परड्यात आंबा आणि शेवगा आहे, आणि बोळातल्या तारा दोन्हींच्या अंगालगत. वळवाचा वारा सुटला की फांद्या तारांवर घासायच्या. पहिली मोठी छाटणी महावितरणच्या वायरमननी लाईन बंद घेऊन केली. नंतरची निगा घरच्या घरी राखता यावी म्हणून ही ओढून लांब होणारी करवत घेतली.

पातं उत्तम. ओढताना कापतं, त्यामुळे हात भरून येत नाहीत. मनगटाएवढी फांदी आरामात उतरते. आधी खालून थोडा काप द्यायचा, मग वरून. नाहीतर फांदी साल सोलत खाली येते. दांडा पूर्ण लांब केला की वाकतो आणि पातं फांदीवर नाचतं, म्हणून शेवटचा टप्पा मी काढतच नाही. भुसा थेट डोळ्यांत येतो, चष्मा लागतोच. आंब्याच्या चिकानं कातडी भाजते, तेव्हा पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

‘फायबर आहे, शॉक लागत नाही’ असं विकताना सांगतात. यावर विसंबून कुणी तारेजवळ जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. फायबर स्वच्छ आणि कोरडं असेपर्यंतच वीज अडवतं. त्यावर ओल, धूळ, चीक बसला की वरच्या थरातून प्रवाह उतरू शकतो. पातं तर लोखंडीच, आणि ओली फांदीसुद्धा वीज वाहून नेते. जुन्या पेठांतल्या सर्व्हिस वायरचं, म्हणजे खांबावरून घरात येणाऱ्या वायरचं, आवरण उन्हानं तडकलेलं असतं. घरातला मेन स्विच पाडला तरी ती वायर जिवंतच राहते, कारण ती स्विचच्या आधी येते. ११,००० व्होल्टच्या तारेला तर स्पर्शही लागत नाही. नुसतं फार जवळ गेलं तरी ठिणगी झेपावते.

म्हणून तारेपासून दहा फुटांच्या आतली फांदी मी या करवतीनं कापत नाही. महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवतो. पावसाळ्यात करवत बाहेरच काढत नाही.

छाटताना शेंडा सपाट उडवू नका. तिथून धुमारे फुटतात आणि सरळ तारेकडे धावतात. तारेपासून दूर वळलेल्या पोटफांदीपर्यंत मागे कापलं की वाढ तिकडं वळते. आमच्या आंब्याची वळली आहे. शेवगा मात्र परत परत उतरवावा लागतोच.

घेताना टप्प्यांच्या खटक्या दाबून बघा. आमची एक खटकी सैल झाली होती, स्क्रू आवळल्यावर नीट बसली.